कासवटेकडीचा सोयरा

गव्हर्नर आला तेव्हा आमचं गाव कासवटेकडीवर होतं. खाली नदीकाठी जुनी घरं होती, मक्याची शेतं होती, पण तिथे झोपायचं धाडस कुणी करत नसे. सगळ्या गावांनी मिळून स्पॅनिश लोकांना दक्षिणेकडे हाकलून दिलं त्याला एक तप लोटलं होतं. तरी त्या दिशेला धूळ दिसली की बायका पाट्यावरचा मका तसाच टाकून कड्यावर येऊन उभ्या राहत. बहुतेक वेळा नुसता वारा असायचा. त्या वर्षी पानं पिवळी पडायच्या सुमाराला मात्र धुळीत घोडे होते.

मी पोवी, घरातली धाकटी मुलगी. माझा थोरला भाऊ आगोयो आणि त्याची बायको त्सिरे यांची ही हकीकत. त्सिरे जन्माने आमची नव्हती. बंडाच्या धामधुमीत एका जळक्या स्पॅनिश मळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यात लपलेली ती सापडली. नऊ-दहा वर्षांची असेल. आमच्या शेजारची मडकी घडवणारी म्हातारी तिला हाताला धरून घरी घेऊन आली. रणप्रमुख ओकुवाने विचारलं, ही ब्याद कशाला? म्हातारी म्हणाली, माती कालवायला मला माणूस हवंय. खुराड्यात मिळाली म्हणून नाव पडलं त्सिरे, म्हणजे पाखरू. पहिल्या हिवाळ्यात ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ती माझ्याशी आमच्याच भाषेत भांडत होती. पुढे दादाने तिच्याशी लग्न केलं तेव्हा ती परकी आहे हे लक्षात ठेवणारं गावात कुणी उरलं नव्हतं. तिला एक मुलगी झाली, मग एक मुलगा.

दादाचं एक सांगायला हवं. आमच्या देवांचे मुखवटे घालून नाचल्याबद्दल स्पॅनिशांनी आमच्या वडिलांना चाबकाने फोडलं होतं. ते घरी आले ते पोटावर झोपूनच राहिले आणि पुढचा पेरा व्हायच्या आत गेले. चौकात त्यांना बांधलं होतं तेव्हा बघणाऱ्यांना गुडघे टेकून बसायला लावलं होतं. दादाही बसला होता. त्यानंतर तो कुणापुढे वाकला नाही, जमिनीखालच्या देवघरातल्या वडीलधाऱ्यांपुढेसुद्धा मान ताठ. लोक त्याला खांब म्हणायचे.

घोडे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्सिरे आणि मी पाणी आणायला टेकडीखालच्या झऱ्यावर गेलो होतो. वर पाणी नव्हतं, खडकातली टाकी आटत आली होती, म्हणून जीव मुठीत धरून उतरावं लागे. झऱ्याच्या पलीकडे चिखलात एक शिपाई आपल्या खेचराला ओढत होता. आम्ही दगडाआड बसलो. खेचर हलेना, आणि तो माणूस त्याला काय काय बोलत होता देव जाणे. एकदम त्सिरे फसकन हसली.

मी तिला चिमटा काढला. "हसतेस काय?"

"त्याने शिव्या देता देता खेचराच्या आजीचं लग्न सैतानाशी लावलं," ती म्हणाली, आणि मग तिचाच चेहरा उतरला. आपल्याला ती भाषा अजून कळते हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

शिपायाने हसू ऐकलं होतं. बंदुकीवर हात ठेवून तो पुढे आला आणि त्सिरेला पाहून थबकला. उन्हाने रापलेली, केस आमच्यासारखे कापलेले, अंगावर आमचीच चादर. पण डोळे करडे होते. त्याने काहीतरी विचारलं. तिने एकेक शब्द शोधत उत्तर दिलं. तो चिखलात मटकन बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला.

"हा म्हणतो मी त्याची बहीण आहे," त्सिरे मला म्हणाली.

"आहेस का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "नाक आमच्या बापाचंच आहे."

त्याचं नाव लाझारो. बंड झालं तेव्हा तो जनावरं घेऊन दूर कुरणात होता, म्हणून वाचला, आणि बहीण जिवंत असेल या एका आशेवर या मोहिमेत आला होता. तिचं मूळ नाव पेट्रोनिला. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गव्हर्नर स्वतः टेकडी चढून आला. डॉन बाल्तासार दे आरिस्मेंदी. आम्हाला वाटलं होतं चिलखत आणि तोफा घेऊन येईल. हा आला तो उघड्या डोक्याने, हातात जपमाळ, मागे एक पाद्री, लाझारो आणि थोडी माणसं. चढताना त्याला धाप लागली होती, पण वर आल्यावर तो बसेना. आम्ही त्याला कातडं अंथरलं. तो त्याच्याभोवती फेऱ्या घालत बोलला. हातमोजे काढायचा, घालायचा, पुन्हा काढायचा. आमच्या वडीलधाऱ्यांना हे विचित्र वाटलं. ज्याला एका जागी बसवत नाही त्याचा शब्द तरी कसा एका जागी राहील, असं माझी आई माझ्या कानाशी पुटपुटली.

बोलणं समजावून सांगायला त्सिरेला मध्ये बसवलं होतं. गव्हर्नर म्हणाला, राजाने झालं गेलं सगळं माफ केलं आहे. ओकुवाने शांतपणे विचारलं की माफी नक्की कुणी कुणाला करायची आहे. म्हातारी माणसं हसली. त्सिरेने ते गव्हर्नरला जसंच्या तसं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तोही थोडा हसला.

त्याच्या अटी अशा: लोकांनी खाली उतरून जुन्या घरांत राहावं. बंडानंतर जन्मलेल्या मुलांना पाद्रीने बाप्तिस्मा द्यावा. या दोन गोष्टींवर वडीलधाऱ्यांनी बराच खल केला. पाणी संपत आलं होतं, मागच्या दोन पिकांवर टोळ बसले होते, आणि उत्तरेकडून लुटारूंच्या धाडी वाढल्या होत्या. शेवटी ते कबूल झाले. ओकुवा नुसता जमिनीवर रेघा ओढत बसला.

तिसऱ्या अटीपाशी त्सिरे थांबली. गव्हर्नर बोलून मोकळा झाला होता आणि सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"हा माझ्याबद्दल बोलतोय," ती म्हणाली. "पकडून ठेवलेल्या सगळ्या स्पॅनिश बायकामुलांना परत द्या, म्हणतो. मला दक्षिणेला, त्यांच्या एल पासो गावी नेणार. मुलांनाही."

दादा भिंतीशी उभा होता. तो जागचा हलला नाही, पण त्याच्या शेजारची माणसं बाजूला सरकली.

लाझारोने तिला खूप समजावलं. एल पासोला मावशी आहे, चर्च आहे, निजायला पलंग आहे. तू घरी चल, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती म्हणाली, घर तर जळलं, तूच सांगितलंस ना. मग ती गव्हर्नरकडे वळली आणि मला जायचं नाही असं तिने सांगितलं. गव्हर्नरला राग आला नाही. उलट तो हळव्या आवाजात म्हणाला की इतकी वर्षं कैदेत राहिलेल्या माणसाला स्वतःचं हित कळत नाही, तो त्याचा दोष नव्हे. त्सिरेने हे आम्हाला सांगितलं तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. रागाने.

मग तिने विचारलं, "सरकार, पाद्रीने लावलेलं लग्न तुम्हाला मोडता येतं का?"

फेऱ्या घालणारा गव्हर्नर थांबला. "नाही. मलाच काय, राजालाही येत नाही."

"मग पाद्रीला म्हणावं आमचं लग्न लाव."

गव्हर्नरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या उंच माणसाकडे. पाद्री म्हणाला की त्यासाठी नवऱ्याने आधी बाप्तिस्मा घ्यायला हवा. चौकात, क्रुसापुढे, गुडघे टेकून.

संध्याकाळ झाली. दादाने छतातून घरात उतरायच्या शिडीची सैल झालेली पायरी काढून पुन्हा बांधली. ती चांगली बसली होती तरी सोडली आणि परत बांधली. गच्चीवर जाऊन आला. पुन्हा गेला. त्सिरे तान्ह्याला पाजत होती. ओकुवा शिडीवरून अर्धाच खाली उतरला आणि तिथूनच म्हणाला की ज्या दिवशी आगोयो त्या लाकडापुढे गुडघा टेकेल, त्या दिवसापासून त्याने देवघराची शिडी उतरू नये. तेवढं सांगून तो गेला.

"तुला जायचंय का?" दादाने त्सिरेला विचारलं. "खरं सांग."

ती लगेच नाही म्हणाली नाही. "आज लाझारोने मला गव्हाचा पाव दिला," ती म्हणाली. "चव ओळखीची होती. आई आठवली. मी खडकाआड जाऊन रडले." मग म्हणाली, "पण जायचं नाही. तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. त्यांनी मला ओढून नेलं तर मी वाटेत पळेन. मेले तर मेले."

दादा त्यानंतर बराच वेळ पायरी धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी चौकात त्याने गुडघे टेकले. सगळं गाव बघत होतं. पाद्री पाणी ओतत होता आणि दादा समोरच्या डोंगराकडे बघत होता. माझी आई घराबाहेर आलीच नाही. मग लग्न लागलं, मुलांचा बाप्तिस्मा झाला, आणि गव्हर्नरने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून या मुलांचा धर्मपिता मी. त्यांच्यात धर्मपिता आणि मुलाचा सख्खा बाप एकमेकांचे कोंपाद्रे होतात, सोयरेच म्हणा, आणि ते नातं रक्ताच्या नात्याइतकं मोठं मानतात. त्याने दादाला मिठी मारली. दादाचे हात खालीच राहिले. लाझारो निघताना बहिणीच्या पायांशी सगळा पाव ठेवून गेला.

स्पॅनिश परत गेले. आम्ही खाली उतरलो, घरं शाकारली. ओकुवा दादाला नावाने हाक मारेनासा झाला. कोंपाद्रे म्हणायचा, हसून, सगळ्यांदेखत.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात गव्हर्नर पुन्हा आला, आणि या वेळी त्याच्यामागे गाड्या होत्या, बायका, पोरं, मेंढ्या, कोंबड्या, झोपायच्या गाद्या. ते राहायला आले होते. सांता फे ही त्यांची जुनी राजधानी, तिथे तेव्हा आमचे लोक राहत होते. त्यांनी घरं रिकामी करावी असा हुकूम निघाला. बर्फात तळ ठोकून बसलेली स्पॅनिश मुलं थंडीने मरत होती, तेव्हा गावोगाव मका मागायला शिपाई यायला लागले. आम्ही एकदा दिला. दुसऱ्यांदा त्यांनी न मागता नेला. ओकुवा तरुणांना घेऊन सांता फेला लढायला निघाला, आणि दादाही धनुष्य घेऊन त्याच्यामागे गेला. त्सिरेने त्याला अडवलं नाही. अडवून काय उपयोग होता? गावात तो वर्षभर मान खाली घालून वावरला होता.

सांता फे दोन दिवसांत पडलं. आमची पुष्कळ माणसं जिवंत हाती लागली. ज्यांनी शस्त्र उचललं त्या सगळ्यांना गोळ्या घालणार, अशी बातमी आली.

त्सिरेने मुलाला पाठीशी बांधलं. आम्ही दोघी बर्फातून निघालो. तिथे पोचलो तेव्हा दिवस वर आला होता आणि पहिली रांग संपली होती. लाझारो फाटकाशी होता. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि काही न विचारता आम्हाला आत घेतलं. गव्हर्नर अंगणात येरझाऱ्या घालत होता. बर्फ तुडवून तुडवून त्याने खाली चिखलाची वाट पाडली होती. त्याची दाढी वाढली होती आणि डोळे लाल होते.

त्सिरेने मुलाला सोडलं आणि त्याच्या वाटेत उभं केलं. मूल जेमतेम उभं राहायला शिकलं होतं. गव्हर्नरला थांबावं लागलं.

"हा तुमचा मुलगा," ती म्हणाली. "याच्या बापाला मारणार असाल तर आधी याला सांगा."

"पेट्रोनिला, मी माझ्या माणसांना शब्द दिलाय. शस्त्र उचललेला एकही सुटणार नाही."

"त्याआधी देवासमोर आम्हाला दिला होतात."

गव्हर्नरने मुलाकडे पाहिलं. मूल त्याच्या बुटावरचा बर्फ उचलून तोंडात घालत होतं. त्याने पाय मागे घेतला नाही. मग लाझारोला म्हणाला, त्याला आण.

कैदी भिंतीशी बसवले होते. लाझारोने दादाला उठवलं तेव्हा दादाने शेजारच्या ओकुवाकडे बोट दाखवलं, की हाही येईल. लाझारोने गव्हर्नरला विचारलं. गव्हर्नर आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "मी एकाचाच कोंपाद्रे आहे."

दादा परत खाली बसला. तेव्हा ओकुवा बोलला. मी तीन-चार हातांवर होते, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं.

"ऊठ. तुझी पोरं लहान आहेत."

"तुझीही आहेत."

"माझ्यासाठी कुणी आलं नाही," ओकुवा म्हणाला. मग थोडं हसून, "जा, आगोयो. एकदा टेकलास ना गुडघा, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

वर्षभराने त्याने दादाला नावाने हाक मारली होती. दादा उठला. आम्ही नदीपर्यंत पोचलो नव्हतो तेव्हा मागे बंदुका वाजल्या. दादा चालत राहिला.

गावात त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही, तेच वाईट होतं. घराघरांत विधवा होत्या. त्यांच्या दारावरून जाताना तो चादर तोंडावर ओढून घ्यायचा. जेवायला बसला की दोन घासांनंतर उठायचा. शेतात सरी ओढताना मध्येच सोडून नदीकडे जायचा, पाण्याकडे बघून परत यायचा. त्सिरे म्हणायची, माझा नवरा मी सोडवून आणला, पण तो अजून घरी आलेला नाही.

गव्हर्नर अधूनमधून येत असे. मुलांसाठी साखरेचे खडे आणायचा, आणि घोड्यावरूनच मोठ्याने हाक मारायचा, "कोंपाद्रे!" दादाला बाहेर यावंच लागे. सगळ्या गच्च्यांवरून लोक बघत असत. तो माणूस हे मनापासून करायचा, म्हणून तर त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं. नदीकाठच्या आमच्या अर्ध्या शेतावर त्याने लाझारोला जमीन दिली होती. लाझारो बिचारा बहिणीला कणसं आणून द्यायचा, आमच्याच जमिनीतली.

पश्चिमेकडून, उंच पठारांवरच्या होपी लोकांकडून सांगावा आला होता की लढणारी माणसं हवी आहेत, जमीन देऊ. एका सकाळी दादा म्हणाला, जाऊ या. त्सिरेने लगेच बी-बियाणं बांधायला घेतलं. आणखी काही घरं तयार झाली. दादा मात्र आधी ओकुवाच्या बायकोच्या दारी गेला. तोवर त्याने तिच्याशी बोलायची हिंमत केली नव्हती. मी त्याच्याबरोबर होते. ती शेंगा सोलत होती.

"वहिनी, आमच्याबरोबर चला," तो म्हणाला. "मुलांचं मी बघेन."

तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. "कुठे?"

"जिथे मला कुणी कोंपाद्रे म्हणणार नाही."

तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पोरांना हाक मारून चादरी गोळा करायला सांगितलं.

तिसऱ्या मुक्कामाच्या पुढे, जिथे काळा खडक लागतो, तिथे गव्हर्नरने आम्हाला गाठलं. बरोबर लाझारो आणि थोडेच स्वार. आमच्या पुरुषांनी धनुष्यं काढली. गव्हर्नर घोड्यावरून उतरला आणि पायी दादापाशी आला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं की आम्ही पळून चाललो आहोत. हुकमाने तो आम्हाला परत नेऊ शकला असता.

"मी तुला जीव दिला," तो म्हणाला. त्सिरे मध्ये उभी राहून सांगत होती. "माझी माणसं अजून मला त्यावरून बोलतात. आणि तू जातोस?"

दादाने विचार करून उत्तर दिलं. "तुम्ही एक दिलात. बाकीचे मला रोज दिसतात. तुम्हाला दिसत नाहीत का?"

वारा सुटला होता. गव्हर्नरने काळ्या खडकाकडे पाहिलं, आमच्या बोचक्यांकडे, ओकुवाच्या पोरांकडे. ती कुणाची आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

"आणि तू, पेट्रोनिला?"

"राजालाही मोडता येत नाही म्हणाला होतात," त्सिरे म्हणाली. "नवरा तिकडे, तर मीही तिकडे."

त्याने मुलाला आशीर्वाद द्यायला हात पुढे केला. मूल आईच्या मागे लपलं. गव्हर्नरने हात मागे घेतला, घोड्यावर बसला आणि माघारी वळला. लाझारो थोडं अंतर आमच्याबरोबर चालत आला. शेवटी त्याने बहिणीचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळ हुंगल्यासारखं केलं आणि तोही गेला. पुन्हा त्याची भेट झाली नाही.

होपींनी आम्हाला पठारावर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी जागा दिली. वाट राखायची, ही अट. पाणी कमी, वाळू फार. आम्ही घरं बांधली, वाळूत मका लावायला शिकलो. दादाचं फिरणं थांबलं नाही. वाट राखायच्या निमित्ताने तो दिवसभर कड्यावर येरझाऱ्या घालायचा आणि तिथल्या लोकांना ते फार सावधपणाचं लक्षण वाटायचं.

दुसऱ्या वर्षी पाऊस आला तेव्हा ओकुवाच्या बायकोचं छत गळायला लागलं. ती आमच्या दाराशी येऊन दादाला सगळ्यांदेखत फाडफाड बोलली, की पोरांचं बघेन म्हणाला होतास, इथे ती ओल्यात निजतात आणि तू कड्यावर फिरतोस. दादा माती घेऊन तिच्या छतावर चढला. दिवस उतरेपर्यंत त्याने सगळं लिंपलं. तो खाली आल्यावर तिने त्याच्यापुढे मटणाचा रस्सा आणि मक्याची निळी पापडी ठेवली, आणि स्वतः समोर बसली. तिची पोरंही बसली, आपल्या भांडणांत. दादा खात राहिला. त्सिरे आणि मी दारातून बघत होतो. वाडगा रिकामा झाला तरी तो उठला नाही. मग त्याने वाडगा पुढे केला आणि विचारलं, "वहिनी, आणखी आहे का?"